नोकरदारांचे प्रहर

हिंदुस्थानी रागांचे घड्याळ आणि लोकलचे वेळापत्रक यांचे कधीच जमले नाही. तोडी, जौनपुरीच्या वेळेला बोरिवलीचा माणूस चर्चगेटच्या गाडीत दाराशी लटकलेला असतो, नाहीतर हजेरीपटावर सही करत असतो. सारंग डबा खाण्याच्या सुट्टीत निघून जातो. भीमपलास आणि मुलतानी म्हणजे तर ऐन कामाची वेळ. मारवा, पूरिया, श्री हे संधिप्रकाशाचे राग. त्या वेळी आमचा माणूस दादर आणि घाटकोपरच्या मध्ये कुठेतरी उभा, आणि खिडकी दुसऱ्याकडे असल्यामुळे संधिप्रकाशही दुसऱ्याचाच. घरी पोचून हातपाय धुऊन बसेपर्यंत यमनची वेळ झालेली. आमच्या पिढीतल्या कित्येकांना रात्रीचे राग चांगले परिचयाचे आणि दुपारचे राग रविवारपुरते ओळखीचे, असे झाले. आवडीनिवडीचा यात काही संबंध नाही. नोकरीमुळे झाले.

या संग्रहात लिहिणाऱ्या माणसांनी बँकेत, विमा कंपनीत, रेल्वेत, टेलिफोन खात्यात, महापालिकेच्या शाळेत, औषधांच्या कारखान्यात आयुष्य काढले आहे. अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, घाटकोपर, भांडुप, मुलुंड हे त्यांचे पत्ते. मैफल गाजवणारे त्यांत कोणी नाही. काहींनी विशारदपर्यंत मजल मारली, काहींना सा धड लावता येत नाही आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात. मग त्यांचे का ऐकायचे? राजाश्रय गेला आणि संगीताला लोकाश्रय मिळाला, हे वाक्य आपल्याकडे इतक्या भाषणांत येते की त्यातले ‘लोक’ कोण, हे विचारायचे राहूनच जाते. मुंबईपुरते उत्तर सरळ आहे. महिन्याचा पगार घेणारा, पासाची मुदत लक्षात ठेवणारा, सोसायटीच्या सभेत मेन्टेनन्सवरून वाद घालणारा माणूस, तो हा लोक. त्याने या संगीताला पैसा दिला, तसा आपला दिनक्रमही दिला. मैफल कधी सुरू व्हायची आणि कधी आटपायची, शिकवणी किती वेळाची, वार कोणता, हे त्याच्या सवडीने ठरत गेले, आणि सवडीचा हा हिशेब हळूहळू गाण्यात उतरला. तो कसा उतरला, याचा शोध या लेखांतून घेतला आहे.

नव्या वाचकासाठी थोडे मागे जायला हवे. आज आपण ज्याला शास्त्रीय गायन म्हणतो त्यातला मोठा भाग म्हणजे खयाल. चार-सहा ओळींची बंदिश, तबल्याचा ठेका, आणि त्या दोन काठांमध्ये गायकाने तिथल्या तिथे मांडलेला रागाचा विस्तार. हा प्रकार दरबारांत आणि गायकांच्या घराण्यांत वाढला. महाराष्ट्रात तो रुजवण्यात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा वाटा फार मोठा. ग्वाल्हेरची गायकी त्यांनी अपार कष्टांनी मिळवली आणि मिरज-इचलकरंजी भागात शिष्य तयार केले. त्या शिष्यांतले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 मध्ये ते मुंबईत आले. कर्ज काढून बांधलेली त्यांची मुंबईची इमारत पुढे लिलावात गेली. पण वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तक, फी आणि परीक्षा ही त्यांनी बसवलेली घडी टिकली. गुरूच्या घरी राहून पाणी भरायला ज्याला जमणार नाही, असा माणूस संध्याकाळी तासभर येऊन गाणे शिकू शकतो, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. नोकरदाराला संगीताचे दार उघडले ते इथे.

दुसरे दार उघडले वाळकेश्वरला जन्मलेल्या एका वकिलाने. विष्णु नारायण भातखंडे वकिली करता करता पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत रमले, मग देशभर हिंडले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’ हा त्यांचा ग्रंथ मूळ मराठीत आहे, हे आज मराठी माणसालाच सांगावे लागते. त्यांच्या वर्गीकरणावर आक्षेप पुष्कळ आहेत आणि बरेचसे रास्तही आहेत. मारवा थाटात काय काय कोंबले आहे ते पाहिले तरी पुरे. पण दिवसभर कचेरीत फायली लावणाऱ्या माणसाला संगीताचीही एक लावलेली फाइल हाती मिळाली आणि त्याची भीड चेपली, हा भातखंड्यांचा उपकार नाकारता येत नाही.

या दोन विष्णूंच्या खटाटोपाच्या आगेमागे गवई मंडळीही मुंबईकडे वळत होती. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भेंडीबाजारात राहायला आले आणि मुंबईच्या एका बाजाराचे नाव घराण्याला लागले. मेरुखंडाने स्वरांची उलटापालट, लांब दमाचा आकार, सरगम ही त्या गायकीची खूण; अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर ही त्यातली मोठी नावे. अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला होते. 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे जाणे म्हणजे काय, ते या एका प्रवासात दिसते. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी, म्हणजे पेचदार, एकात एक गुंफलेल्या ताना आणि अनवट, जोडराग, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोन गोमंतकीय गायिकांनी पुढे नेली; मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकरांनी तिला वेगळेच वळण दिले. आग्र्याची मंडळी नोमतोम, बोलबांट आणि लयीशी झोंबी घेऊन आली. किराण्याच्या अब्दुल करीम खाँनी एकेका स्वरावर थांबायला शिकवले. पंडित जसराजांचे घर अंधेरीकडे होते, त्यामुळे मेवाती गायकी पश्चिम उपनगराला शेजारच्यासारखी. चेंबूरला झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा वाजवत आणि शिकवत. शीवच्या वल्लभ संगीतालयात के. जी. गिंडे यांच्याकडे बंदिशींचे भांडार होते. जुहू-पार्ल्याकडे निखिल घोष यांनी 1956 साली संगीत महाभारती स्थापन केली.

घराण्यांचा हा पसारा समजून घ्यायला आजही सर्वांत उपयोगी पुस्तक एका चार्टर्ड अकाउंटंटने लिहिलेले आहे. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ 1961 साली आले. ते व्यवसायाने हिशेबतपासनीस आणि मोगूबाईंचे शिष्य. स्वर एका टोकाला, लय दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येक घराणे या दोहोंच्या मध्ये कुठे उभे आहे, असा ताळेबंदच त्यांनी मांडला. किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूर मध्यावर तोल साधून. या मांडणीत जयपूरला झुकते माप आहे, असे मला नेहमी वाटत आले; शिष्याने गुरूच्या घराण्याला मध्यावर बसवावे हे ओघाने आलेच. तरीही दिवसा दुसऱ्यांच्या वह्या तपासणारा माणूस रात्री गाण्याकडे अशा नजरेने पाहतो आणि त्यातून मराठी संगीतविचारातला एक पायाभूत ग्रंथ तयार होतो, ही घटना या संग्रहाच्या दृष्टीने फार महत्त्वाची. वसंतराव देशपांड्यांचे उदाहरण त्याच्या उलट बाजूचे. गळ्यात एवढे गाणे असलेला माणूस कितीतरी वर्षे सैनिकी हिशेब खात्यात कारकुनी करत होता आणि थेट नेफापर्यंत बदलीवर जाऊन आला. 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’तले खाँसाहेब रंगमंचावर उभे राहिले तेव्हा लोकांना ते एकदम अवतरल्यासारखे वाटले. त्यामागची कचेरी कोणी पाहिली नव्हती. नोकरीने गाणे मारले की जगवले, यावर या संग्रहातल्या लेखकांचे एकमत नाही. वसंतरावांचे नाव मात्र दोन्ही बाजू घेतात.

उपनगरांचा स्वतःचा इतिहास यात केव्हा सुरू होतो? मी तो रेल्वेपासून धरतो. 1928 साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. त्याआधीच पार्ल्याला टिळक विद्यालय 1921 मध्ये आणि लोकमान्य सेवा संघ 1923 मध्ये उभे राहिले होते. व्याख्याने, नाटके, गाणी यांना तिथे हक्काची जागा झाली. गिरगावात लक्ष्मीबाग होती, ट्रिनिटी क्लब होता, ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांची 1925 सालची शाळा होती, जिथे कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले. पुढे गिरगाव-दादरच्या चाळीतल्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. मुले लग्न करून मुलुंड, घाटकोपर, गोरेगाव, बोरिवलीला फ्लॅट घेऊन गेली. जाताना देव्हारा नेला, पाटा-वरवंटा नेला, पण लक्ष्मीबाग नेता येत नव्हती. म्हणून म्युझिक सर्कल निघाली.

सर्कल म्हणजे काय, हे ज्याने सतरंजी घातली नाही त्याला समजणार नाही. वार्षिक वर्गणी, पावतीपुस्तक, सात-आठ जणांचे कार्यकारी मंडळ, आणि त्यांतला एक चिवट सेक्रेटरी. हा सेक्रेटरी दुपारी साहेबाची नजर चुकवून कलावंताला फोन करायचा, बिदागीचा आकडा ऐकून घाम पुसायचा, “तबल्याला कोण?” या प्रश्नाला “तुम्ही म्हणाल ते” असे सांगून तबलजीच्या होकारासाठी आणखी चार फोन करायचा. कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचा हॉल चार वाजता ताब्यात मिळे. बाके भिंतीला लावायची, सतरंज्या, त्यावर पांढऱ्या चादरी, वर दोन लोड. तंबोरे कोणाच्या तरी घरून रिक्षात उभे धरून आणलेले. जुलै महिन्यात ते हमखास दगा देत. हवेतल्या दमटपणाने तारा उतरत, जवारीचा दोरा अर्धा केस सरकला तरी आवाज बसे, आणि मिरजेच्या कारागिराने दिलेला तो गोल झंकार काही केल्या परत येत नसे. कलावंत येऊन खुंट्या पिळू लागला की पुढच्या रांगेतले आजोबा डोळे मिटून घेत. गाणे सुरू व्हायचे होते, पण त्यांचे ऐकणे सुरू झालेले असे. मध्यंतराचा चहा सेक्रेटरीच्या बायकोच्या देखरेखीखाली. त्या बाईंचे नाव कुठल्याही अहवालात सापडत नाही. या संग्रहात अशा तीन बायकांनी स्वतः लिहिले आहे आणि त्यांचे लेख मला सर्वांत धारदार वाटले. मध्यंतरापर्यंतचा बडा खयाल त्यांनी कधी पुरा ऐकलेला नाही. त्या वेळी आधण ठेवलेले असे.

मैफलीची वेळही अशीच ठरली. शनिवारी रात्री, कारण रविवारी उशिरा उठता येते. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला तोही शनिवारी रात्रीच होता. शेवटची गाडी चुकू नये म्हणून भैरवी साडेबाराच्या आत. मग गायकही यमन किंवा पूरिया कल्याण, मग बागेश्री, एखादे नाट्यपद आणि भैरवी असा साचा धरून गाऊ लागले. ललत आणि भटियार पहाटेपर्यंत बसणाऱ्यांसाठी, म्हणजे कोणासाठीच नाही. दिवाळी पहाटेची प्रथा चतुरंगसारख्या संस्थांनी रुजवली तेव्हा सकाळच्या रागांना थोडी जागा मिळाली. दुपार कोणी परत आणली नाही.

इथवर मी ज्या मंडळींबद्दल लिहिले ती बहुतेक ब्राह्मण आणि सारस्वत, हे उघड बोललेले बरे. सर्कलची सभासद-यादी उघडली की आडनावांवरून ते कळते. पण त्याच स्टेशनवर, त्याच फलाटावर रागसंगीत ऐकणारे आणखी लोक होते. कोकणातून गिरणीत, गोदीत, कारखान्यात आलेल्या माणसांची भजनी मंडळे भांडुप, घाटकोपर, जोगेश्वरी, दहिसरच्या वस्त्यांतून सगळीकडे होती आणि आहेत. लोकलच्या ठरलेल्या डब्यात त्यांची बैठक. डिमडी, झांज, चिपळ्या, आणि गर्दीतून वाट काढत आलेला बुवा. सुरुवातीला रूपाचा अभंग, मग बाकीचे अभंग, गौळण, आणि उतरायचे स्टेशन जवळ आले की भैरवी. राग कोणता म्हणून विचारले तर पुष्कळदा नाव सांगणार नाहीत. पण कोमल निषाद कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे त्यांच्या गळ्याला पक्के ठाऊक असते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच गेल्या, तेव्हा अनेक बुवांची नोकरी गेली. त्यांच्यातले एक या संग्रहात आहेत. सर्कलच्या सेक्रेटरींनी आणि त्यांनी तीस वर्षे एकाच गाडीने प्रवास केला आणि एकमेकांचे गाणे कधी ऐकले नाही. दोघांचे लेख मी मुद्दाम शेजारी ठेवले आहेत.

मुलुंड आणि चेंबूरच्या तमिळ घरांतले कर्नाटक संगीत, घाटकोपरच्या गुजराती देरासरांतली रागदारी स्तवने यांवर या संग्रहात फार थोडे आहे. आम्ही मराठीत लिहिणारे लोक, शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेलो, आत फारसे शिरलो नाही.

परीक्षेविषयी मात्र भरपूर आहे. पलुसकर 1931 मध्ये गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही त्याची पायरी उपनगरातल्या घराघरांत माहीत आहे. शाळेच्या व्हरांड्यात रांगेने बसलेल्या मुली, कोणी ओठांतल्या ओठांत ताना घोकते, कोणी मांडीवर एकतालाची दुगुन मोजते, आत परीक्षक विचारतात, “भूप आणि देसकारात फरक काय?”, आणि बाहेर आया गणिताचा क्लास चुकल्याची चर्चा करतात. अशा परीक्षांनी कलावंत घडत नाहीत, अशी तक्रार जुनी आहे. मला ती अस्थानी वाटते. त्यांनी श्रोते घडवले. अश्विनी भिडे-देशपांडे यांच्यासारखी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट करून गाण्याला वाहून घेणारी गायिका विरळा. पण प्रवेशिकेपर्यंत जाऊन पुढे बँकेच्या काउंटरमागे बसलेली, आणि गायकाने समेवर येताना केलेली चलाखी नेमकी ओळखणारी बाई प्रत्येक इमारतीत एक तरी सापडते. सर्कल तिच्या वर्गणीवर चालली.

हे सगळे आता लिहून ठेवण्याची घाई का? पहिले कारण इमारती. साठ-सत्तर सालच्या सोसायट्या पुनर्विकासात पडत आहेत. नव्या टॉवरमध्ये पोडियम आहे, जिम आहे, बँक्वेट हॉल आहे. त्याचे भाडे सर्कलच्या वर्षाच्या जमाखर्चाइतके. शिवाय ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम. बंद सभागृहाला त्यात सवलत असली तरी रखवालदाराला ती माहीत नसते, आणि दहाच्या ठोक्याला तो दिव्याच्या बटणापाशी येऊन उभा राहतो. दरबारी आणि मालकंसाने जायचे कुठे?

दुसरे कारण म्हणजे कामाचे तासच मोडले. नऊ ते पाच करणारी पिढी निवृत्त झाली. तिची मुले रात्री अमेरिकेच्या वेळेने कॉलवर असतात आणि दुपारी घरी. 2020 च्या टाळेबंदीत शिकवण्या मोबाइलवर गेल्या, तेव्हा आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरामुळे गुरू-शिष्याला एकत्र गाणे अशक्य झाले. शिष्याने आपल्याकडे तंबोऱ्याचे ॲप लावायचे, गुरूने गाऊन थांबायचे, मग शिष्याने गायचे. सूर धरून सोबत ओढत नेणारा आवाज गेला. उलट, अमरावती किंवा न्यू जर्सीची मुलगी अंधेरीच्या बाईंकडे शिकू लागली. आणि अंधेरी-घाटकोपर हे अंतर, जे बेस्टच्या बसमध्ये संध्याकाळ खाऊन टाकी किंवा दादरला वळसा घालायला लावी, ते 8 जून 2014 पासून मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत आले. पश्चिम रेल्वेची सर्कल आणि मध्य रेल्वेची सर्कल असे जे दोन देश होते, त्यांच्यातली सीमा पुसट झाली आहे. मेट्रो आली, ऐकणारे कमी झाले. हा योग चमत्कारिक आहे.

पुस्तकाची रचना घराण्यांप्रमाणे किंवा कालानुक्रमे केलेली नाही. लेख दिवसाच्या प्रहरांप्रमाणे लावले आहेत: लेखकाने ज्या वेळेला गाण्याशी गाठ पडल्याचे लिहिले, त्या वेळेला तो लेख. पहाटेच्या भागात रियाझाविषयी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींविषयी, संध्याकाळच्या भागात गाडीविषयी, रात्रीच्या भागात सर्कलविषयी. दुपारचा भाग सर्वांत बारीक आहे आणि त्यातले बहुतेक लेख निवृत्तांचे किंवा रात्रपाळीवाल्यांचे. हे गाण्याचे पाठ्यपुस्तक नव्हे. रागांची माहिती जिथे अडेल तिथे वाचकाने सरळ रेकॉर्ड लावून ऐकावी. लेखकांची भाषा मी फारशी घासूनपुसून घेतलेली नाही. मालवणी वळण राहू दिले, कचेरीतले शब्द राहू दिले.

मतभेदही तसेच ठेवले आहेत. सर्वांत मोठा पेटीवरून. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला बंदी घातली, ती 1971 पर्यंत होती, आणि त्या काळात कान तयार झालेल्या मुलुंडच्या एका लेखकाला पेटी म्हणजे श्रुतींचा गळा दाबणारे यंत्र वाटते. सारंगीशिवाय खयाल ऐकू नये असे ते लिहितात. भांडुपच्या बुवांचे म्हणणे, सारंगी लोकलच्या डब्यात वाजवून दाखवा. छपाईपूर्वी दोघांना एकमेकांचे लेख वाचायला दिले. मुलुंडकरांनी दोन परिच्छेद वाढवून पाठवले. बुवांनी आपल्या लेखातला एकही शब्द बदलला नाही, आणि येत्या एकादशीच्या भजनाला मुलुंडकरांना घेऊन या, असा निरोप मात्र माझ्यापाशी ठेवला आहे.